स्नायूंतल्या चुली

बाबांना माझ्याकडे बघायचं असलं की ते बोटाने पापणी वर उचलून धरतात. दोन्ही पापण्या खाली उतरून बसल्यात. सुरुवातीला आम्ही हसायचो. आई म्हणायची, "बोलता बोलता झोपतंत." मीही हसायचे, आणि मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत दिवसभर उंदरांचे स्नायू तपासते. पापणी उचलणारासुद्धा स्नायूच असतो, हे माझ्या डोक्यात यायला वर्ष गेलं. परक्या उंदरांची बारीक चौकशी, आणि घरच्या माणसाकडे बघायला सवड नाही, असं माझं तेव्हा चाललं होतं.

मग रापणीवर त्यांचे हात भरून यायला लागले. आमच्या गावात अजून रापण लागते. होडी समुद्रात मोठी गोल फेरी मारून जाळं टाकते आणि त्या जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून दोन रांगांनी ओढायच्या. ओढायला तासन्‌तास लागतात. ज्याचा हात दोरीला लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो म्हातारा असो, शाळेतलं पोर असो, नाहीतर सहज फिरायला आलेला पाहुणा असो. बाबांनी वयाच्या दहाव्या वर्षापासून ही दोरी धरली. वाटा त्यांना कधी मोठा वाटला नाही, पण हात न लावता वाटा घेणाऱ्याबद्दल ते फार वाईट बोलायचे. "फुकटो" हा त्यांच्या तोंडचा सगळ्यात घाणेरडा शब्द होता.

गोव्याच्या इस्पितळात त्यांच्या मांडीतला वालाएवढा तुकडा काढला. महिन्याने अहवाल आला. मायटोकॉन्ड्रियाचा आजार, म्हणजे पेशींत ताकद बनवणाऱ्या कणांचा. मी हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारते, सकाळच्या चहाबरोबर उच्चारते, आणि तो आमच्या घराच्या पत्त्यासोबत छापलेला बघून मला अक्षरं लागेनात. डॉक्टर बरे होते. त्यांनी सांगितलं, यावर औषध नाही, हळूहळू वाढत जाईल, झेपेल तेवढं चाला, पण दमेपर्यंत काही करू नका. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि परतीच्या गाडीत विचारलं, "म्हणजे रापणीक जावंक हरकत नाय मां?" आईने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

ते जातच राहिले. सोबत्यांनी त्यांना रांगेत शेवटी उभं केलं, जिथे दोरीला फारसा ताण नसतो. त्यांना ते कळत होतं, पण हात दोरीवर होता, तेवढ्यावर ते वाटा घेऊन घरी येत होते. हा हात सुटू नये, एवढंच त्यांना हवं होतं. मला मात्र त्यांना वाचवायचं होतं. मी त्यांच्या हट्टावर चिडायचे.

त्या दिवाळीत मी घरी होते. दुपारी पडवीत बसलो असताना त्यांनी पापणी उचलून विचारलं, "गो, तुझे उंदीर काय म्हणतंत?"

पुण्यात माझं काम कोणी विचारत नाही. इथे विचारलं, आणि विचारणाऱ्याच्या अंगात तोच आजार, त्यामुळे मला चेव आला. मी सांगितलं, की मांसाच्या कणाकणात बारीक चुली असतात, त्यांच्यावर आपली ताकद शिजते. तुमच्या त्या चुली बिघडल्यात. आता गंमत बघा, म्हटलं, या मांसात दाराला असतात तशा कड्या असतात, काही तर थेट चुलीवरच बसवलेल्या, आणि अशा कडीत गांजातला पदार्थ बरोबर बसतो. आपलं शरीरही तसलंच काहीतरी स्वतः बनवतं. ती कडी हलली की चुलीवर परिणाम होतो. आम्ही तेच शोधतोय.

बाबा पुढे सरकून बसले. बोट पापणीवरून काढलं नाही. मी पुढचं सांगणार, तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला. मशीनची वेळ बदलली होती. मी फोन घेऊन माडांखाली गेले आणि अर्धा तास तिथेच वाद घालत उभी राहिले. परत आले तर बाबा आडवे झाले होते. उरलेलं रात्री सांगीन म्हटलं. रात्री विसरले, आणि भाऊबीज आटोपून पुण्याला गेले.

उरलेलं म्हणजे काय, तर परिणाम होतो तो चांगला नव्हे. ती कडी दाबली की उंदरांच्या चुली मंदावतात आणि ती बंद केली की चुली वाढतात, असं दिसत आलं आहे. माणसांत, त्यातही आधीच आजारी असलेल्या म्हाताऱ्या स्नायूत नक्की काय होतं, ते कोणालाच नीट ठाऊक नाही. दोन वाक्यांचं काम होतं हे सगळं.

शिमग्याच्या आधी आईचा फोन आला. बाबा रापणीवर पडले होते. ओल्या वाळूत गुडघे दुमडून खाली बसले ते उठलेच नाहीत. चौघांनी उचलून घरी आणलं. मी पोचले तेव्हा त्यांना घराच्या तीन पायऱ्या चढता येत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पेज वाढायला स्वयंपाकघरात गेले, तर चहाच्या डब्यामागे खोकल्याच्या औषधाची बाटली दिसली. आत हिरवट तेल होतं. वास घेतला, तो गांजाचा होता.

"ह्या काय गो आये?"

"तुझाच औषध ता," आई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. "तूच सांगलंस मां, मासात गांज्याची कडी आसा म्हणान. ह्येंच्या दोस्तान हाडून दिल्यान. दिवाळीपासून रोज पाच थेंब पेजेत घालतंय मी. तुका सांगूचा नाय म्हणाले. तुका चलान दाखवतले होते."

दोस्त म्हणजे तोंडवलीकडे पर्यटकांना खोल्या देणारा बाबांचा जुना सोबती. त्याला दोष देऊन काय उपयोग? त्याने मैत्रीसाठी केलं. आई पुढे सांगत होती, की तेलाने पाय दुखायचे थांबले, झोप लागायला लागली, आणि मग दोन महिने बाबांनी रांगेच्या मध्ये उभं राहून दोन्ही हातांनी दोरी ओढली. शेवटी उभं राहायची गरजच नाही म्हणायचे. हे सगळं मला चालून दाखवण्यासाठी.

मी बाटली मोरीत उलटी केली. वर आईवर ओरडलेसुद्धा, काय काय बोलले ते आठवायला नको वाटतं. ओरडायला हवं होतं माझ्यावर.  आईने मोरीत दोन तांबे पाणी ओतलं आणि राख टाकून फरशी घासत बसली.

त्या दिवसापासून माझं डोकं एकाच ठिकाणी फिरतंय. तेलाने चुली विझवल्या? की दुखणं दाबल्यामुळे ते झेपेना इतकं ओढत राहिले? की डॉक्टर म्हणाले होते तसा आजारच आपल्या गतीने वाढला, आणि तेल नसतं तरी ते त्याच सकाळी त्याच वाळूत बसले असते? प्रयोगशाळेत एका उंदराला औषध दिलं की दुसऱ्या तशाच उंदराला नुसतं पाणी देतात, म्हणजे फरक कळतो. बाबा एकच आहेत. तेल न घेतलेले दुसरे बाबा माझ्याकडे नाहीत.

मी सुट्टी वाढवून राहिले. एक दिवस मागच्या दारी आई मासे साफ करत होती. खवल्यांनी भरलेल्या हातांकडे बघत तिने विचारलं, "माझ्या हातान झाला काय गो ता?"

"नाय," मी म्हटलं. "तेलाचो काय संबंध नाय."

इतकं ठाम मी आयुष्यात कुठल्याच प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. आईने मान हलवली आणि पुढचा मासा घेतला. भिंतीपलीकडे बाबांची खाट होती, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

ते मासेही खोटेपणाचेच होते. बाबा दोरीवर जात नव्हते, तरी सोबती त्यांचा वाटा पाठवत होते. बाबांना कळलं असतं तर त्यांनी परत पाठवला असता, म्हणून आई पिशवी मागच्या दाराने घ्यायची आणि बाजारातून आणले म्हणून सांगायची. बाबा जेवायचे. हातातला घास तोंडाशी नेताना त्यांना मध्ये थांबावं लागायचं.

मे महिन्यात, पावसाळ्यासाठी दर्या बंद व्हायला थोडे दिवस असताना, एका दुपारी आई शेजारी गेली होती. मी बाबांना जेवायला वाढलं. त्यांनी बांगड्याचा तुकडा मोडला, बोटांत दाबून बघितला.

"बाजारातलो म्हणता तुझी आवस," ते म्हणाले. "बर्फाक लागलेलो नाय ह्यो. ह्यो रापणीचो."

 ते शांतपणे घास चावत राहिले.

"फुकटो झालंय मी," ते म्हणाले. "तिका सांगा नको. तिका वाटता माका म्हायत नाय. वाटूंदे." मग जरा दम घेऊन म्हणाले, "तेलाचा तू तिका सांगलंस ता मी ऐकलंय. बरा केलंस. आता माका खरा सांग."

"माका म्हायत नाय, बाबा."

"तुकाय नाय?"

"खराच नाय."

मला रडू आलं. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी सगळं सांगायला हवं होतं. त्यांनी हात हलवून मला थांबवलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"त्या दिवशी तू फोनार गेलंस," ते म्हणाले. "मी वाट बघलंय. मगे माकाच वाटला, इतक्या पुरे आसा." त्यांनी ताट बाजूला सारलं. "आता सांग. उरलेला."

माझा फोन खिशात होता. तो बंद केला. त्यांच्या खाटेशी बसले आणि उरलेलं सांगायला लागले. कडी दाबली की काय होतं, बंद केली की काय होतं, उंदीर किती आणि माणसं किती, कुठे आमचं ज्ञान संपतं. वाक्य अवघड झालं की ते "परत" म्हणायचे, मी परत सांगायचे. बरंच लांबलं. तेवढा सगळा वेळ बाबांनी बोटाने पापणी वर धरून ठेवली होती.