दस्त्यावरचं चामडं

१२ नोव्हेंबर, मंगळवार. दर मंगळवारी रायफलींच्या लोखंडावरून तेलाचा बोळा फिरवायचा, हे माझं काम. जुबैलची हवा खारट. एक आठवडा चुकला की नळीवर तांबूस पूड दिसायला लागते. मालक सत्तरीचे सौदी गृहस्थ, जुन्या लष्करी रायफली जमवणारे. नळ्या बुजवून, परवाने काढून त्यांनी त्या घरच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या दालनात, मांडल्या आहेत. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे येण्याआधी मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासनीस होते. त्या जोरावर हे काम मिळालं.

मी आले तेव्हा रायफली उंचीनुसार उभ्या होत्या, कवायतीच्या मुलांसारख्या. मी त्यांची घराणी लावली. कोणत्या फौजेने वापरली ते नंतर बघायचं. आधी बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दट्ट्या, काढून हातात घ्यायचा. बोल्टला जागेवर धरणारे कान पुढच्या टोकाला असले तर ती जर्मन घराण्यातली, मग शिक्का तुर्की असो की इराणी. कान मागे असले तर ब्रिटिशांची थ्री-नॉट-थ्री आणि तिची भावंडं. बोल्टच नाही, खालचा दांडा ओढून उघडते, ती या सगळ्यांहून जुनी. प्रत्येकीखाली मी पाटी लावली: घराणं कोणतं आणि मूळ बनावटीत नसलेलं काय. चार पाट्यांवर शेवटी एकच ओळ होती, 'दस्त्याच्या मानेवर चामडं, नंतर बसवलेलं.' दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, मान म्हणजे तो मुठीत धरायची बारीक जागा.

त्या दिवशी दालनात शिरले तर त्या चारांतली तुर्की शिक्क्याची रायफल टेबलावर दोन तुकडे होऊन पडलेली. चामडं कचऱ्याच्या डब्यात. शेजारी, हातात कटर घेऊन, मालकांच्या मुलाने रियाधहून आणलेला जतन-सल्लागार. आपल्याकडचाच, पुण्याचा.

"या काकू. दस्ता आतून तुटकाच होता हो. चामडं कापलं आणि आला हातात."

"मी तुमची काकू नाही. तुमचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत. आणि तुटका होता म्हणूनच ते चामडं होतं ना?"

हे कोणालाही कळायला हवं होतं. मानेशी चिरलेल्या लाकडावर ओलं कातडं गुंडाळून शिवायचं. वाळताना ते असं आवळतं की चीर हलत नाही. वाळवंटात दुसरा दस्ता कुठून आणणार? त्या बांधणीवर ती रायफल माणसाच्या आयुष्याइतकी टिकली होती. या गृहस्थाने चहा थंड व्हायच्या आत ती संपवली.

"चामड्याखाली ओल धरते," तो म्हणाला. "लोखंड गंजतं."

"मानेत लोखंड कुठाय? दाखवा मला."

त्याने माझ्या पाटीवर कटरचं टोक टेकवलं. "तुम्हीच लिहिलंय, मूळचं नाही. मी मूळ रूपात आणतोय. छोट्या मालकांनी मंजूर केलंय. उरलेल्या तीन उद्या."

"नंतर बसवलेलं असं लिहिलंय. काढून टाका असं कुठे लिहिलंय?"

"मॅडम, तुम्ही तेलाचं बघा ना." त्याने कटर टेबलावर ठेवून चहाचा कप उचलला.

घराणी मी लावली ती कोण कोणाची कोण हे कळावं म्हणून. त्यांचाच आधार घेऊन हा माणूस सुरी चालवत होता, आणि वर मलाच साक्षीला ओढत होता. टेबलावरचा कटर उचलून मी पर्समध्ये टाकला. मग डब्यातून चामडं काढलं, खिडकीशी धरलं. तिरक्या टाक्यांची दुहेरी ओळ, टोकाची गाठ आत दडवलेली. उरलेल्या तिघींच्या माना पाहिल्या. एक जर्मन घराण्यातली, एक थ्री-नॉट-थ्री, एक दांड्याची. तिघींवर तीच ओळ, तीच दडवलेली गाठ. म्हणजे शिवणारा एकच. दोन वर्षं बोल्ट बघत होते, टाके आज दिसले.

घरी नवरा म्हणाला, "बाप-लेकांच्या मधे पडू नकोस. इकामा, आपला राहण्याचा परवाना, त्यांच्या हातात नाही म्हणून काय झालं, काम तर आहे."

"काम राहिलं तर तीन रायफली कापलेल्या बघाव्या लागतील," मी म्हटलं. तो जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक अंगणात कॉफी घेत होते, मी तिथेच गेले. दोन्ही तुकडे आणि चामडं त्यांच्यासमोर सतरंजीवर ठेवलं.

"ये किसने काटा?" मालकांनी आमच्याशी बोलायच्या मोडक्या हिंदीत विचारलं.

"बेटे के साहब ने. बाबा, बाकी तीन आज काटेगा."

त्यांनी चामडं मांडीवर घेतलं, टाक्यांवरून अंगठा फिरवला. "ये ऊंट का ज़ीन बनानेवाला था. हमारा कुआँ के पास बैठता था. पूरा कबीला उसके पास जाता था." मग आत बघून मुलाला अशी हाक मारली की तो अनवाणीच बाहेर आला. अरबीत काय झालं ते मला सगळं कळलं नाही. शेवटचं 'खलास', म्हणजे बास, एवढं कळलं.

तुकडे आणि चामडं उचलून मी दालनात गेले. तिन्ही रायफली आपापल्या घराण्यांतून उतरवल्या, मधल्या मोकळ्या घडवंचीवर तुटलेलीच्या शेजारी मांडल्या आणि नवी पाटी लिहिली: 'एकाच हाताने शिवलेल्या.' सल्लागार आला तेव्हा त्याचा कटर कागदात गुंडाळून दारातच त्याच्या हातात दिला.