तीन नंबरच्या बरबटीची राखण

नाव: श्रीमती कुंताबाई ताराचंद निकोडे. पदनाम: परिचर, जीवशास्त्र प्रयोगशाळा. सेवेचे स्वरूप: अस्थायी, निव्वळ तात्पुरते, पूर्वसूचनेविना समाप्तीस पात्र. शैक्षणिक अर्हता: सही करता येते, घाई नसल्यास. ओळखखूण: डाव्या मनगटावर गोंदण. कर्तव्ये: प्रयोगशाळेतील सजीव, निर्जीव व या दोहोंच्या मधल्या अवस्थेतील वस्तूंची देखभाल, झाडलोट, वरिष्ठ सांगतील ती अन्य कामे. वर्तणूक: समाधानकारक.

हे वर्णन पुलगावातल्या एका कॉलेजच्या कपाटात १९७३ सालापासून पडून होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त एक गोष्ट लिहायची राहिली होती. कुंताबाई माळ्याच्या घरची होती. तिच्यासमोर तहानलेलं रोप ठेवून ‘याला पाणी घालू नका’ असं सांगणं म्हणजे न्हाव्यासमोर दाढी वाढलेलं गिऱ्हाईक बसवून ‘वस्तऱ्याला हात लावू नको’ म्हणण्यासारखं होतं.

नोकरी तिला वांग्यांमुळे लागली. आधीचा परिचर सांगाड्याशी पहिली भेट होताच घरी गेला तो परतला नाही. त्याच सुमारास ती वासुदेवराव सरांच्या दारी भाजी घेऊन गेली होती. हे सर जीवशास्त्र विभागाचे प्रमुख. विभागात दुसरं कोणी नसल्यामुळे या पदाला स्पर्धा नव्हती. सरांच्या हातून एक बेडूक निसटून अंगणात आला होता. कुंताबाईनं तो उचलला आणि ‘ठेवू कुठं?’ एवढंच विचारलं. सोमवारी ती कामावर रुजू झाली.

मात्र तात्पुरती. एप्रिल आला की तिची सेवा संपे आणि जुलैत नव्यानं सुरू होई. मधल्या काळात कॉलेजच्या लेखी कुंताबाई नव्हतीच. दर जुलैत ती प्राचार्यांच्या खोलीबाहेर उभी राही आणि आत गेल्यावर प्रत्येक वेळी नव्यानं आपलं नाव सांगे. प्राचार्यही प्रत्येक वेळी ते पहिल्यांदा ऐकत. त्यामुळे तिला एकच हवं होतं: कायम व्हायचं. त्यासाठी सरांची शिफारस लागे, आणि सरांचं सगळं लक्ष त्या वेळी बरबटीत अडकलं होतं.

सजीव आणि परिस्थिती हा विषय नव्यानं अभ्यासक्रमात आला होता आणि सरांनी तो मनावर घेतला होता. खिडकीजवळच्या टेबलावर तामचिनीचे ट्रे मांडून त्यांत बरबटी, म्हणजे चवळी, पेरायची. एक नंबरला ऊन आणि पाणी दोन्ही. दोन नंबर कपाटात, अंधारात. तीन नंबरला उगवल्यावर पाणी बंद. चार नंबरला मिठाचं पाणी. पोरांनी रोज निरीक्षण करायचं आणि परिस्थिती बिघडली की जीव कसा बिघडतो ते लिहायचं. पुस्तकात हा प्रयोग दर वेळी यशस्वी होई. पुलगावात चारही ट्रे सारखेच हिरवेगार निघत आणि मार्चपर्यंत वेल खिडकीचे गज धरून वर जात.

सरांनी आधी बियाण्यावर संशय घेतला. मग बरबटी सोडून मूग आणून पाहिले. ते तर आणखी जोमानं आले. कपाटाच्या फटींवर कागद चिकटवले. कुंताबाई सकाळी झाडायला आली की कपाटाचं दार उघडून दोन नंबरला उन्हात बसवी आणि पोरं यायच्या आत पुन्हा आत ठेवी, पण फटींवरच्या कागदाला ती धक्का लावत नसे. सरांनी मेहनतीनं चिकटवला होता. मिठाच्या पाण्याच्या बाटलीत ती विहिरीचं पाणी भरून ठेवी. अन्नावाचून मासे किती वाळतात ते पाहण्यासाठी ठेवलेल्या हंडीत तिच्या डब्यातली भाकर पडे, त्यामुळे उपाशी मासे जेवलेल्या माशांपेक्षा लठ्ठ झाले होते.

शेवटी सरांची खात्री पटली की पोरांपैकी कोणीतरी वाह्यातपणा करतं. चोर पकडायला त्यांनी राखणदार नेमला. कुंताबाईला.

‘कपाटाची किल्ली तुमच्याकडे,’ सर म्हणाले. ‘मार्चला नागपूरहून परीक्षक येणार. या वर्षी कोणी ट्रेला हात लावला, तर तुमच्या कायमच्या कागदावर माझी सही नाही.’

कुंताबाईनं मान डोलावली. पहिल्यांदाच तिच्या ध्यानात आलं की ती रोपं सुकली तर आपण टिकतो.

तिनं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. झाडताना टेबलाकडे पाठ करून झाडलं. तीन नंबरवर वर्तमानपत्र पांघरलं. माना टाकलेल्या रोपांना निदान तोंड लपवायला जागा असावी. घरी ताराचंदला सांगितलं, तर तो लसणाच्या वाफ्यातून मान वर न काढता म्हणाला, ‘झाडं मारायची नोकरी हाये का तुही? मंग मार ना. चार बरबट्यांनं का जग बुडते?’ ताराचंद स्वतः बांधावरच्या रानतुळशीलाही पाणी सोडत असे.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मिलचा भोंगा झाल्यावर ती प्रयोगशाळेत आली, वर्तमानपत्र उचललं आणि उभी राहिली. पानं कागदासारखी झाली होती, देठात मात्र अजून ओल होती. तिनं कळशी आणली. मग एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही असं नको, म्हणून दोन आणि चार नंबरचंही पाहिलं. कायम होण्याचा विषय तिनं आपल्यापुरता तिथंच मिटवला.

परीक्षक आले ते थर्मास घेऊन. पुलगावचं पाणी त्यांना बाधत असे. टेबलावर चार हिरवे ट्रे आणि ट्रेंसमोर परीक्षार्थी. पहिला अल्लीपूरचा चंद्रभान. त्यानं वरच्या वर्गाकडून आलेलं उत्तर पाठ करून बाकीच्या पोरांनाही पुरवलं होतं.

‘तीन नंबरच्या रोपांची स्थिती?’ परीक्षकांनी विचारलं.

‘सुकली आहेत, सर.’

‘नीट पाहा.’

चंद्रभाननं वाकून पाहिलं, एक पान बोटानं उचलून पाहिलं. ‘पाह्यली, सर. सुकलीच हायेत.’

‘रंग?’

‘पिवळा.’

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतरच्या सगळ्यांनी तीच रोपं पाहून तेच सांगितलं. एका कांता नावाच्या मुलीनं मात्र ‘चारही ट्रे सारखेच हिरवे’ असं लिहिलं. अभ्यास कच्चा म्हणून तिचे गुण कापले गेले.

चहाच्या वेळी वासुदेवराव सर कपाळ पुसत बसले होते. परीक्षक म्हणाले, ‘मुलांची तयारी उत्तम आहे. रोपांची कमी पडली.’ प्रयोग सदोष ठरवला असता तर परीक्षा पुन्हा घ्यावी लागली असती, मे महिन्यात, पुलगावला. परीक्षकांनी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे एकदा पाहिलं आणि अहवालात लिहिलं: ‘सजीव नमुने अत्यंत निरोगी अवस्थेत राखलेले आढळले.’ यातला शब्दन् शब्द खरा होता.

ते स्टेशनवर गेल्यावर सरांनी कुंताबाईला बोलावलं. सर वर्गात पुस्तकी बोलत आणि रागावले की अल्लीपूरचे होत. ते स्वतःही तिथलेच.

‘कोण आलतं आत?’

नाव घ्यायला चंद्रभान होता. वर्गात त्याच्याबद्दल कोणीही काहीही मानलं असतं.

‘कोणी नाई,’ कुंताबाई म्हणाली. ‘मीच टाकलं पाणी.’

‘काऊन?’

‘मरून राह्यलतं, सर.’

‘मरायलेच ठेवलतं ते!’

कुंताबाईनं यावर विचार केला. ‘मंग तिकडं वावरातच मरू द्याचं होतं. कॉलेजात काऊन आणलं?’

सरांनी अहवाल पुन्हा एकदा वाचला. प्राचार्यांना खरं कळवायचं तर मागच्या सगळ्या वर्षांचं सांगावं लागलं असतं, आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांनी स्वतः पोरांच्या ‘सुकली, पिवळी’वर बरोबरच्या खुणा केल्या होत्या.

‘कुंताबाई,’ ते पुन्हा पुस्तकी होत म्हणाले, ‘हे तुम्ही मला सांगितलेलं नाही.’ आणि त्यांनी शिफारशीवर सही केली.

जुलैत आदेश निघाला: ‘सजीव नमुन्यांची निगा राखण्यातील विशेष प्रावीण्य विचारात घेता श्रीमती निकोडे यांना परिचर या पदावर कायम करण्यात येत आहे. मंजूर कायम पद केवळ ग्रंथालयात उपलब्ध असल्याने त्यांची नेमणूक तेथे करण्यात येत आहे.’

कुंताबाईनं सही केली, घाई न करता.

त्या वर्षी चारही ट्रे वाळले. एक नंबरचाही.