चार मीटर चढलेलं पाणी

आमच्या गावात खोटं न बोलणारा माणूस एकच, च्याओकाका, आणि सगळ्या गावाला वैताग त्यांचाच. मी त्यांची शेजारीण, तीस वर्षं सोसतेय. दर महिन्याच्या पाच तारखेला हे गृहस्थ पोलादी फितीला खडू फासणार, ती गव्हाच्या शेतातल्या मोजणीच्या बोअरमध्ये सोडणार, आणि खडू कुठवर भिजला ते पाहून पाण्याची खोली तालुक्याला कळवणार. तसूभर इकडे नाही, तिकडे नाही.

यंदा पाणी बावन्न मीटरवर गेलं. आमच्या पिण्याच्या बोअरचा पंप चोपन्नावर. आणखी दोन मीटर उतरलं की नळ कोरडे. बोअर खोल करून द्या असा अर्ज आम्ही केला होता, पण पाणी उतरतंय हे काकांच्या आकड्यावरूनच ठरणार होतं.

तेवढ्यात तालुक्याने स्पर्धा काढली. ज्या गावाचं पाणी चढेल त्याला मानाचं लाल निशाण! आमचे सचिव शिंग चांगशुन हुरळले. मोजणीच्या आदल्या दिवशी त्यांनी शेजारच्या पंपाची नळी सरळ मोजणीच्या बोअरमध्ये सोडली, ती पाच तारखेला तालुक्याच्या साहेबांची गाडी दिसल्यावर काढली.

काका म्हणाले, "अहो सचिव, हे वरून ओतलेलं पाणी आहे!"

"पाण्याच्या कपाळावर लिहिलंय का, कुठून आलं ते? तुम्ही फीत सोडा."

खडू भिजला अठ्ठेचाळीसवर. मी कानाशी लागले, "काका, एकदाच, बावन्न लिहा."

"फितीवर नाही ते लिहू?"

"मग शेरा तरी लिहा, की ओतलंय म्हणून!"

"मोबाईलवरच्या रकान्यात फक्त आकडा बसतो गं," असं म्हणून या हरिश्चंद्राने अठ्ठेचाळीस पाठवले. मला तर फीत हिसकावून फेकून द्यावीशी वाटली.

निशाण आलं, ढोल वाजले. सोबत पत्रही आलं: पाणी चार मीटर चढल्याने अर्ज निकाली.

जूनमध्ये नळातून नुसती हवा यायला लागली. आता आम्ही बादल्या घेऊन पलीकडच्या गावी जातो. ते स्पर्धेत शेवटून पहिले आले, म्हणून त्यांना खोल बोअर मिळाला. काल रांगेत काका माझ्यापुढेच होते. तिथली एक म्हातारी बादलीत पाणी ओतता ओतता म्हणाली, "तुमचं तर चढलंय ना रे बाबा?"

काकांनी जन्मात पहिल्यांदा खोटं सांगितलं. म्हणाले, "मी त्या गावचा नाही."