चटईखालची झोप

सेफिनाला आयुष्यात एकदाच लोकांनी शूर म्हटलं, आणि तेव्हा ती गाढ झोपली होती. खरं धाडस तिनं जागी झाल्यावर केलं. त्याला मात्र कुणी नाव दिलं नाही.

सावाई बेटावरच्या आमच्या ख्रिस्ती देवळात रविवारी पोरांना शिकवायचं काम तिचं. ‘भिऊ नका’ हे वचन ती वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घ्यायची आणि स्वतः दिराच्या कुत्र्यालाही भ्यायची. नवरा गेल्यापासून अंथरुणाला खिळलेली सासू, टारोच्या कंदांचं शेत, चटया विणणं आणि मिकाएले नावाचा दारुडा मुलगा, एवढ्या ओझ्याखाली बाई पार पिचली होती. तिची झोप म्हणजे सासूच्या दोन हाकांमधली सवड.

त्या मिकाएलेनं दारूच्या नशेत गाडी चालवली आणि पलीकडच्या गावातल्या लोसाच्या मुलाला, पीटाला, रस्त्यात चिरडलं. पोर जागीच गेलं. मिकाएलेला पोलिसांनी नेलं.

पुढे काय करायचं असतं हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घराण्याच्या प्रमुखानं पहाटे मेलेल्याच्या दारात जायचं, सोबत आणलेलं जळण पुढ्यात ठेवायचं, म्हणजे हवं तर मला भाजून खा, आणि डोक्यावरून बारीक विणीची चटई ओढून बसून राहायचं. याला इफोगा म्हणतात. त्यांनी चटई उचलली की माफी. नाही उचलली तर दगड, नाहीतर कोयता, आणि दोन गावांचं वैर नातवंडांपर्यंत.

प्रमुख म्हणजे सेफिनाचा थोरला दीर सेउली. मंडळीतला मोठा माणूस. प्रार्थनेला उभा राहिला की आवाजानं झाडावरची पाखरं उडायची. पीटाला पुरलं त्या संध्याकाळी सेफिना त्याच्याकडे गेली.

“भाऊजी, कधी जायचं?”

“जाऊ की. त्यांचा राग जरा निवू दे.”

“राग निवायला तो काय डुकराचा रस्सा आहे?”

“तोंड सांभाळ, सेफिना! तुझ्या पोरापायी मी डोकं फोडून घेऊ? देवावर भरवसा ठेव.”

“मी ठेवते. तुम्हीपण ठेवा थोडा.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! सेफिना घरी आली. स्वतःच्या मरणासाठी विणून ठेवलेली चटई तिनं पेटीतून काढली. पहाटे सासूला पाणी पाजलं, जळणाची मोळी उचलली आणि चालू लागली.

घराण्याच्या प्रमुखाची पदवी नसलेल्या बाईनं एकटीनं असं बसायचं नसतं, हे तिला माहीत होतं. पण रीत सांभाळायचंही त्राण आता तिच्यात उरलं नव्हतं. मोळी पुढ्यात ठेवून ती लोसाच्या दारात डोक्यावरून चटई ओढून बसली. “देवा, धैर्य दे,” असं ती चटईखाली पुटपुटली. धैर्य काही आलं नाही. आत अंधार होता, ऊब होती, आणि हाक मारणारं कुणी नव्हतं. तिचा डोळा लागला.

उजाडल्यावर पुरुष जमले.

“सेउली आला वाटतं.”

“सेउली एवढा बारीक कधीपासून झाला?”

एका तरुणानं दगड भिरकावला. तो चटईवर खांद्याच्या जागी बसला. चटई हलली नाही.

“छाती आहे बाबा!” एक म्हातारा म्हणाला.

पीटाचा बाप कोयता घेऊन उभा होता. तो पुढेही येईना, मागेही जाईना. ऊन चढत गेलं. शेवटी लोसा बाहेर आली. पोर गेल्यापासून ती कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. तिनं वाकून चटई उचलली. खाली सेफिना तोंड उघडं टाकून घोरत होती.

“आले, आई, आले,” म्हणत ती दचकून उठली. समोर सासू नव्हती, लोसा होती. पाठ करून आणलेलं माफीचं बोलणं सेफिनाच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं.

“मिकाएलेची आई ना तू?” लोसानं विचारलं.

“हो.”

“माझ्या दारात येऊन झोपलीस?”

“दमले होते, बाई.”

“माझा पीटा गेल्यापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही,” लोसा म्हणाली.

सेफिनानं मान खाली घालायला हवी होती. गुन्हेगाराच्या आईला तेवढंच शोभतं. तिनं चटईची कड उचलली आणि म्हणाली, “मग ये.”

लोसा उभीच होती. मग तिचे गुडघे वाकले आणि ती आत शिरली. चटई दोघींवर पडली. आतून आधी एक हंबरडा आला, मग बराच वेळ हुंदके, मग काहीच नाही.

आता ही चटई कुणी उचलायची, हे कुठल्याच रीतीत सांगितलेलं नव्हतं. पीटाच्या बापानं कोयत्यानं केळीचं एक मोठं पान कापलं आणि दोघींना ऊन लागू नये म्हणून ते धरून तो तिथेच उभा राहिला.