बाबा घरीच राहिले

बाबा बंदराच्या धक्क्यावर घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. सिव्हिल इस्पितळात पायाला वजनं लावून त्यांना कित्येक आठवडे झोपवून ठेवलं, पण हाड काही नीट जुळलं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता हे उठतील असं वाटत नाही. घरी चोवीस तास माणूस लागेल."

मुंबईत नोकरीला असलेल्या माझ्या भावाने सावर्ड्याजवळच्या एका वृद्धाश्रमाचा विषय काढला. तिथे अंथरुणावरच्या माणसांचंही करतात, असं त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं. आईने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"माझ्या नवऱ्याला दुसऱ्याच्या दारात टाकू? मी मेलेय काय अजून?"

तेव्हा, म्हणजे पंचाऐंशीच्या आसपास, रत्नागिरीत फोन केल्यावर घरी आया पाठवणारं कुणी नव्हतं. आईने माणसं स्वतः शोधली. सकाळी इस्पितळातून निवृत्त झालेली एक आया येऊन अंग पुसायची, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत जवळच्या भाट्ये गावची एक विधवा बाई असायची, आणि बर्फाच्या कारखान्यात काम करणारा माझा अविवाहित मामा रात्री त्यांच्याशेजारी झोपायचा. मी शाळेत शिकवत होते. कुणी दांडी मारली की तिथे मी. सगळ्यांच्या वर आई. ठरल्या वेळी कूस बदलणं, पाठीला स्पिरिट आणि पावडर, मेणकापड धुऊन उन्हात घालणं. बाबांच्या पाठीला तिने एक जखम होऊ दिली नाही. "दमवू नका हो त्यांना उगाच बडबडून," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायची.

बाबा मच्छीमार बोटीवर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे म्होरके. सगळा जन्म दहा-बारा खलाशांबरोबर एका टोपातलं खाण्यात आणि या बोटीवरून त्या बोटीवर ओरडण्यात गेलेला. सुरुवातीला ते लोक रोज घरी यायचे. मग पावसाळा सरून मासेमारी सुरू झाली आणि येणं विरळ होत गेलं. बाबा कौलांकडे बघत पडून राहायचे.

एका रविवारी मी त्यांना पेज भरवत होते.

"त्या सावर्ड्याला," त्यांनी विचारलं, "बरीच माणसं असतात काय गो?"

"कशाला, बाबा?"

"सहज. वॉर्डात कसं, कोण खोकायचा, कोण शिव्या घालायचा. बरं वाटायचं."

आई दारात उभी होती, हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. ती तिथेच रडायला लागली. "काय कमी केलं हो मी तुमचं?"

बाबा गोंधळले. "नाय गो, कायच कमी नाय," म्हणाले. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

त्यानंतर ते दोनेक वर्षं होते. श्रावणातल्या एका दुपारी, आईचा हात डोक्याखाली असताना गेले. भेटायला आलेली माणसं म्हणायची, नशीबवान, स्वतःच्या घरात गेले. आई मान हलवायची. वर्षश्राद्ध झाल्यावर एकदा भाजी निवडता निवडता ती थांबली.

"ते विचारत होते गो. आणि मी रडले. मी रडल्यावर ते काय बोलणार होते?"

पुढच्या सुट्टीत तिने मला एसटीने सावर्ड्याला न्यायला लावलं. बरोबर नारळाच्या वड्यांचा डबा घेतला. आश्रमाच्या पडवीत पाच-सहा म्हातारे बसले होते. कोण कुणाच्या जागेवर बसलं यावरून जोरात भांडण चाललं होतं, आणि बाकीचे हसत होते. आई फाटकाशीच खिळून राहिली. एकाने हाक मारली, तेव्हा वर चढली.

"इथं बरं वाटतं तुम्हाला?" तिने त्याला विचारलं.

त्याने जरा विचार केला. "दिवसा वाटतं. संध्याकाळी घर आठवतं. का? कुणाला आणायचंय?"

"नाही," आई म्हणाली. "आणायचं होतं."

डबा त्याच्या हातात देऊन ती खाली उतरली. परतीच्या गाडीत, संगमेश्वर मागे पडल्यावर ती म्हणाली, "मी रोज संध्याकाळी भेटायला आले असते."

सावर्डे तेवढं जवळ नाही, हे तिलाही माहीत होतं.