पल्लवीची मशीन मी रिकामी परत दिली नाही

हे ऐकून तुम्ही हसणार, ते मला ठाऊक आहे. हसा बापडे! आख्खं कुरकुंभ हसून झालंय, निम्मं दौंड हसतंय, मग तुम्हीच तेवढे मागं का राहायचं? फक्त आधी चहाचा कप हातात घ्या. चहाच बरं का. कॉफीचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.

पहिलं एक सांगते. मी कुणाच्या घरात डोकावणारी बाई नाही. आता आमच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या पल्लवीच्या दाराकडंच उघडते, त्याला मी काय करू? गवंड्याला विचारा.

ही पल्लवी मूळची शिरूरची. इथं औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये आहे. कधी फर्स्ट शिफ्ट, कधी सेकंड. नवरा रांजणगावच्या कंपनीत, आठवड्यातून एकदा उगवतो. म्हणजे पोरगी एकटीच. अशा पोरीवर शेजाऱ्यानं लक्ष नको ठेवायला?

तर एके दिवशी तिचं पार्सल आलं. ती ड्युटीवर, म्हणून मी घेतलं. खोकं जरा फाटलेलं होतं. म्हणजे मी फाडल्यावर फाटलेलं होतं, पण फाटलेलं होतं हे खरं.

आत कॉफीची मशीन! काळीकुळकुळीत. मागं झाकणाची टाकी, पुढं काचेचा जार, मध्ये कागदाचा द्रोण बसवायची जागा. टाकीत पाणी ओतायचं, द्रोणात पावडर घालायची, बटण दाबायचं. मग जारात थेंब… थेंब… थेंब काळा अर्क. पेशंटला सलाईन लावल्यासारखं!

पल्लवीनं म्हणे महिनाभर मोबाईलवर बघून, दहा मशिनी तपासून ही एक निवडली. महिनाभर! आमचं लग्न अर्ध्या तासात ठरलं होतं. तिची मशीन जास्त चांगली निघाली, हा भाग वेगळा.

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "पातेल्यात दोन उकळ्यांत व्हणाऱ्या कामाला एवढं दवाखान्याचं सामान कशाला?"

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुला कुणी ॲडमिट व्हायला सांगितलंय का?"

नाही सांगितलं. पण मी झाले ना! रोज पल्लवीकडं बटण दाबल्याचा आवाज आला, की मला नेमका कडीपत्ता लागायचा. कधी मोहरी. एकदा तर मी आमच्याच घरातली सुई तिच्याकडं शोधायला गेले होते. आणि गेलंच आहे तर कप हातात येतोच. दूध-साखर घालून ती कॉफी अशी लागायची म्हणून सांगू… पण मी तोंडानं कधी चांगली म्हटली नाही. "बरी हाय, पावडर जरा जास्त झाली," असं म्हणायचे. उगाच पोरगी शेफारायला नको.

आता मुद्द्याचं. आमचा सागर एकतिशीचा झाला. कंपनीत कायम ऑपरेटर. शेती आहे, पण स्वतः राबावं लागत नाही. निर्व्यसनी. तरी चार स्थळं हातची गेली! हल्ली मुलीकडचे मुलाचं घर बघायला येतात, भिंतींना टकटक करून बघितल्यासारखं बघतात आणि जाताना म्हणतात, "आजूबाजूला जरा चौकशी करून कळवतो." चौथे पाहुणे असंच म्हणून गेले ते गेलेच. चौकशी कुणाकडं केली, हे शोधून काढायला मला आठ दिवस लागले. मागच्या गल्लीतली पिठाच्या गिरणीवाली. म्हणाली होती, "मुलगा सोन्यासारखा हाय, पण आईचे कान भिंतीला असत्यात."

असले लोक! दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी सांगत फिरायची सवयच वाईट. मी तर हे सगळ्यांना सांगितलं.

पाचवं स्थळ आलं दौंडचं. मुलगी स्नेहल, गणिताचा क्लास घेते. वडील रेल्वेतनं गार्ड म्हणून रिटायर झालेले. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मध्यस्थानं बजावलं, "आप्पा चहाला शिवत न्हाईत. कॉफी लागते, आन् कॉफीतलं त्यांना कळतंय."

हे स्थळ काही झालं तरी सोडायचं नाही, असं मी ठरवलं. गेले पल्लवीकडं. यावेळी कडीपत्ता नाही, थेट मशीनच मागितली.

बिचारीनं नाही म्हटलं नाही. सगळं समजावून सांगितलं. "काकू, द्रोणात तीन चमचे पावडर. टाकीत फक्त पाणी. हा बाजूला लाल मणी आहे ना, तो वर आला की टाकी भरली. दूध बाहेरून मिसळायचं. टाकीत फक्त पाणी हं काकू!"

"अगं, मी काय अडाणी हाय?" मी म्हटलं.

रविवारी सकाळी पाहुणे आले. आप्पा, त्यांच्या मंडळी आणि स्नेहल. पोरगी शांत, पण डोळे सगळीकडं. मला आवडलीच. मशीन मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी मांडली होती. थेंब थेंब सुरू झालं. आप्पांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! ड्युटीवर असताना साउथ साईडला अशी कॉफी मिळायची. मशीन कुणाची निवड?"

आता खरं बोलायला काय झालं होतं मला? पण जीभ!

"आमच्या सागरनं निवडून आणली," मी म्हटलं. "महिनाभर मोबाईलवर बघत होता. दहा मशिनी तपासल्या."

सागरला ठसका लागला. आप्पा कौतुकानं त्याच्याकडं वळले. "अस्सं? मग हीच का घेतली?"

सागर माझ्याकडं बघतोय, मी छताकडं. शेवटी तो म्हणाला, "मोटर… मोटर चांगली हाय हिची."

मोटर नसतेच हो तिच्यात. स्नेहल गालात हसली. जेवणं झाली, बासुंदी वाढली. निघताना आप्पा नेमकं म्हणाले, "आजूबाजूला जरा विचारून कळवतो."

आता समोरचं दार म्हणजे पल्लवी. तिला खूश ठेवायलाच हवं. बरं, मशीन परत द्यायची होतीच. पण शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. माझी सासू साधी वाटीसुद्धा चिमूटभर साखर घालून परत करायची. मग एवढी मोठी मशीन मी कोरडी पाठवू?

बासुंदी उरली होती. जारात घालणार होते, पण जाराला चोच. मुंग्या शिरल्या असत्या. टाकीला मात्र कसं घट्ट झाकण! देवानं आणि कंपनीनं जणू त्याच्यासाठीच दिलेलं. वेगळ्या डब्यात का नाही घातली म्हणता? एकतर त्यानं मशीन रिकामीच गेली असती. आणि दुसरं, माझा स्टीलचा डबा एकदा दाराबाहेर गेला, की तो परत येत नाही.

टाकी नीट धुतली, पुसली, वरपर्यंत बासुंदी भरली, वर दोन चारोळ्या टाकल्या. पल्लवी सेकंड शिफ्टला. किल्ली माझ्याकडं असतेच. तिच्या ओट्यावर मशीन ठेवून आले. थंडीचे दिवस, नासायची भीती नाही. म्हटलं, सकाळी सांगू.

सकाळी नऊला सांगायला निघाले, तर जिन्यात आवाज. आप्पा आणि त्यांच्या मंडळी! दोघं चढून वर आले आणि थेट पल्लवीच्या दारात. चौकशी!

मी खिडकीखाली बसले. ऐकायला नाही हो, लसूण निवडायला. लसूण आणायचा राहिला होता, एवढंच.

आप्पा म्हणाले, "ताई, समोरच्या घराबद्दल जरा विचारायचं होतं. माणसं कशी हायेत?"

"काकू ना? खूप प्रेमळ आहेत. लक्ष असतं त्यांचं."

"लक्ष म्हंजी?"

"म्हणजे माझ्या घरात काय आहे, ते माझ्याआधी त्यांना माहीत असतं." पल्लवी हसली. "पण मला ताप आला होता तेव्हा चार दिवस त्यांनीच जेवू घातलं. मुलगाही एकदम साधा आहे. बसा ना, कॉफी टाकते."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "अरे, हीच मशीन काल समोर होती! सेम टू सेम!"

पल्लवी हुशार पोरगी. "हो का? इकडं हीच जास्त चालते," ती म्हणाली. मग तिचा आवाज आला, "अरे वा, मणी वर आहे. पाणी भरलेलंच दिसतंय."

खट्. बटण.

आणि माझ्या डोळ्यांसमोर चारोळ्या तरंगल्या.

आता करायचं काय? आत धावत जाऊन सांगावं, तर मशीन पल्लवीची हे उघड, सागरनं निवडली ही थाप उघड, आणि मी खिडकीखाली बसले होते हेही उघड. गप्प बसावं, तर पोरीची मशीन जळणार. आतून गुडगुड सुरू झालं. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवल्यासारखं.

मग मला सुचलं. लाईट! मीटरची पेटी जिन्यातच आहे. मी पळाले आणि पल्लवीच्या मीटरचा खटका खाली ओढला. गुडगुड बंद. सुटले बाई!

"लाईट गेली वाटतं," आतून पल्लवी.

"थांबा, मी बघतो," आतून आप्पा. "रेल्वेत काय न्हाई बघितलं आम्ही!"

आणि आप्पा बाहेर. आणि मी मीटरपाशी. हात खटक्यावर.

"तुम्ही?" आप्पा म्हणाले.

"मी… तुमच्यासाठी लाईट आली का ते बघत व्हते."

"आता येईल की," असं म्हणत त्यांनी मोठ्या मनानं खटका वर केला. आत मशीननं असा आवाज काढला, की जणू दाराबाहेर बांधलेली म्हैसच रेकली. फुस्स! जळक्या दुधाचा वास, वाफ, आणि पल्लवीची किंकाळी.

"बंद कर गं, त्यात बासुंदी हाय!" मी ओरडत आत घुसले.

ओट्यावर पिवळा फेस, फेसात पावडर, आणि आप्पांच्या मंडळींच्या पदरावर एक चारोळी.

पल्लवी म्हणाली, "कशात आहे?"

"माझ्या मशीनमधी… म्हंजी तुझ्या…"

आप्पांनी सावकाश विचारलं, "म्हणजे कालची मशीन ती…"

"हीच."

"आणि सागररावांनी महिनाभर बघून निवडली ती?"

"ती पण हीच."

"आणि बासुंदी का?"

"भांडं रिकामं कसं परत देऊ?" मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आप्पांचा चेहरा गार्डानं लाल झेंडी दाखवावी तसा. मंडळींनी पदर झटकला. "कळवतो," म्हणाले आणि दोघं जिना उतरून गेले. पल्लवी नुसती मशीन उलटी करून बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सागर एवढंच म्हणाला, "आई, बाकीच्यांना चौकशीला शेजारी लागत्यात. आपल्याकडं तू एकटी पुरलीस."

हे म्हणाले, "बासुंदी चांगली झाली होती मात्र."

आठवड्यानंही दौंडहून फोन नाही. मग म्हटलं, सून तर गेली, निदान पल्लवीची मशीन तरी भरून देऊ. एकटीच दौंडला गेले, बाजारातल्या नेहमीच्या भांड्यांच्या दुकानात. दुकानदारानं एक काचेची वस्तू काढली. वरून दांडा दाबायचा.

"हे काय, सायकलचा पंप?"

मग स्टीलचा दोन मजली फिल्टर काढला. "हा सोपा हाय, मावशी. लाईट लागत न्हाई."

लाईटचं नाव काढू नका म्हटलं. शेवटी त्यानं एक मशीन पुढं ठेवली. "मग हीच घ्या. हिची टाकी आख्खी बाहेर निघते, हात घालून घासता येते. कालच एक गेली. स्नेहलताई आल्या होत्या, गणिताच्या क्लासवाल्या. त्यांनी सगळी दुकानं पालथी घातली. म्हणाल्या, कॉफी कशी का होईना, पण टाकीत बासुंदी गेली तरी धुता आली पाहिजे."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"मी म्हटलं, ताई, कॉफीच्या मशीनमध्ये बासुंदी घालतंय कोण? तर हसून म्हणाल्या, माझ्या होणाऱ्या सासूबाई! कुरकुंभला ठरलंय म्हणे त्यांचं, वडील आज-उद्या कळवणार हायेत." दुकानदार पोट धरून हसत होता. "मावशी, तुम्ही कुरकुंभच्याच ना? वळखता का हो त्यांना?"

घरी फोन लावायचा, का पेढे घ्यायचे, काही सुचेना. पण आधी पदर सावरला, तोंड वाकडं केलं आणि म्हटलं, "छे! मी कशाला कुणाच्या घरात बघायला जातीय? पण काय तरी बायका असत्यात बाई एकेक! द्या, हीच बांधा."