बारा खोल्या आणि एक दार

भिंगरीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. हौस म्हणून नाही. घरात माणसं सहा, खोल्या दीड आणि टेबल एक. साडेचार ते सहा या वेळात त्या टेबलावर कोणी जेवत नसे, इस्त्री करत नसे, की अभ्यासाच्या नावाखाली भांडत नसे. त्या दीड तासात ती कॉम्प्युटर शिकली. तीन वर्षं, रोज. मी तिचा मामा. कौतुक म्हणून सांगत नाही, मला घाम मोजायची सवय आहे.

भिंगरी हे नाव मीच ठेवलं. चालता चालता गिरकी घ्यायची. काम जमलं की दोन. आता चोवीस वर्षांची आहे, अजून घेते.

दीडमधली अर्धी खोली म्हणजे पडद्यामागचा कोपरा. तिथे ती आणि भाऊजींची आत्या झोपायच्या. आत्या झोपेत बोलतात, आणि बोलतात म्हणजे भांडतात. पहाटे भिंगरी पुस्तकातला प्रश्न हळूच वाचायची आणि पडद्यामागून उत्तर यायचं, "अजिबात देणार नाही!" मग दोघे जुळे भाऊ अंथरुणात खिदळायचे, माझी ताई त्यांना दटावायची, आणि दीड तासातली दहा मिनिटं गेलीच म्हणून समजा.

आमच्या कारखान्यात दारं-खिडक्या होतात. मी तिथे चौतीस वर्षं दारं उचलली. भरीव लाकडी दार चाळीस किलो, चौकट वेगळी. मी निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी भिंगरी तिथल्याच ऑफिसात तीन महिन्यांच्या बोलीवर लागली.

बोली अशी होती. ऑफिसातले बाराही कॉम्प्युटर रडतखडत चालत होते. मालकीणबाईंच्या टेबलावर बाहेरच्या एका कंपनीचा कागद पडला होता: बारा नवे कॉम्प्युटर, देखभालही त्यांचीच. भिंगरी म्हणाली, "बारा कशाला? एकच दणकट सर्व्हर घ्या. बाराही जण त्याच्यावर काम करतील. जुने कॉम्प्युटर नुसते बघायला आणि बोटं चालवायला."

मालकीणबाई फार बोलत नाहीत. म्हणाल्या, "तीन महिने. शेवटच्या शनिवारी सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत बारा जणांचं काम बिनअडथळा चाललं, तर तू कायम. नाहीतर मी या कागदावर सही करणार आणि तू घरी."

मला ते सर्व्हर प्रकरण कळेना. भिंगरीने जेवणाच्या ताटावरच समजावलं.

"मामा, एक मोठी इमारत समज. आत बारा खोल्या. प्रत्येकाला आपापल्या खोलीची किल्ली. आत आपलं टेबल, आपले कागद, जसे ठेवले तसेच. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर म्हणजे त्या खोलीची नुसती खिडकी."

"आणि मापकाका बाहेर गेले तर?" मापकाका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने माप घेणारे. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन दाराचं माप घेतात.

"तिथून लॅपटॉपच्या खिडकीतून तीच खोली. तेच टेबल."

"म्हणजे माणूस बाहेर आणि काम आत."

"हां!" हातात पाण्याचा तांब्या होता, तरी गिरकी घेतलीच. अर्धं पाणी माझ्या ताटात.

ताई म्हणाली, "बारा जणांना खोल्या वाटतेय. स्वतः झोपतेय पडद्यामागे."

"माझा नंबर तेरावा, आई."

सर्व्हर आला. खोक्यासकट अठ्ठावीस किलो. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, पायऱ्या बत्तीस. दोन तरुण पुढे सरसावले, पण जड खोकं खालून धरायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. मी उचललं. सोळाव्या पायरीवर एकदा थांबलो. थांबलो हे लिहितो, कारण थांबलो होतो. मग दोनशे दहा मीटर केबल टाकली. मजुरी काही नाही, चहा अकरा कप.

सर्व्हर ठेवला रंगाच्या नमुन्यांच्या जुन्या कोठडीत. मशीनला थंडावा लागतो म्हणून तिथे एसी बसवला. सगळ्या कारखान्यात एसी एकच, आणि तो मशीनला. झालं, ऑफिसातल्या प्रत्येकाला मशीनची काळजी वाटू लागली. मापकाका शर्टाची दोन बटणं सोडून आत शिरायचे. "जरा मशीनची तब्येत बघून येतो." पाच मिनिटांनी दुसरा. शेवटी भिंगरीने दारावर पाटी लावली: "तब्येत उत्तम आहे. दार ओढून घ्या." त्या दिवसापासून लोक पाटी वाचायला आत जाऊ लागले. पाटी बाहेर होती.

बारा जणांची खाती उघडली, बारा परवाने घेतले, बारा खोल्या तयार. अडलं ते मापांच्या प्रोग्रामपाशी. पंधरा वर्षांचा जुना. माप घातलं की लाकूड किती, बिजागऱ्या किती, सगळं काढून देतो. त्याच्याशिवाय आमच्याकडे एक दार निघत नाही. तो भिंगरीच्या खोलीत उघडायचा, दुसऱ्या कोणाच्या खोलीत नाही. तिच्याकडे सगळ्या इमारतीची मास्टर किल्ली होती, इतरांकडे नव्हती. शेवटचा गुरुवार उजाडला. तिने बाराही जणांना मास्टर किल्ली देऊन टाकली. प्रोग्राम चालला. दोन गिरक्या.

मी म्हटलं, "सगळ्यांना मास्टर किल्ली? अगं, आमच्या स्टोअरमध्ये असं केलं असतं तर संध्याकाळपर्यंत हातोडीसुद्धा उरली नसती."

"मामा, परवा शनिवार आहे."

"बरं," म्हटलं. तिथे मी गप्प बसलो ते चुकलंच.

शनिवारी आठला घंटा झाली. मी केबलचा माणूस म्हणून कोपऱ्यात स्टुलावर. मालकीणबाई स्वतः बाराव्या टेबलावर येऊन बसल्या. बारा जण कामाला लागले आणि जुने कॉम्प्युटर असे पळू लागले की माणसं एकमेकांकडे बघून हसायला लागली. एकीने मुद्दाम तीन फाइली एकदम उघडल्या, तिन्ही उघडल्या, तर तिने चौथी उघडली आणि टाळी वाजवली. मापकाका गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गिऱ्हाइकाच्या घरी होते. तिथून त्यांनी खिडकीचं माप घातलं, ते इथे दिसलं, सगळे ओरडले. फोनवर मापकाका म्हणाले, "बिजागऱ्या मोजल्या त्याने! मी अजून बूटही काढले नाहीत!" मालकीणबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी पाहिला.

साडेबाराला जेवणाची घंटा झाली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मालकीणबाईंच्या वडिलांनी कारखाना काढला तेव्हा जेवणाच्या सुट्टीत चालू राहिलेल्या करवतीत एकाची बाही अडकली होती. हात वाचला, थोडक्यात. तेव्हापासून भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय: "घंटा झाली, मशीन बंद." कारखान्यात काय, ऑफिसात काय. घंटा वाजली की हात आपोआप जातो. निवृत्त झाल्यावरही कुठे घंटा ऐकली की मी घरातला पंखा बंद करतो.

घंटा झाली आणि हात गेले. एका क्षणात बाराही पडदे काळे.

कोठडीतली घरघर थांबली. फोन वाजला. मापकाका. "अगं भिंगरे, माझी खोली गेली! गिऱ्हाईक समोर बसलंय, माझी अख्खी खोली गेली!"

भिंगरी कोठडीकडे धावली. मास्टर किल्लीवाल्याने बंद म्हटलं, मशीनने ऐकलं. एकाची खोली नाही, इमारतच बंद झाली.

"कोणी दाबलं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मी नाही." "मी दाबणारच होते, पण त्याआधीच गेलं." "माझा हात तर डब्यात होता."

भिंगरीने मशीन पुन्हा चालू केलं. कोण कधी काय करतं याची नोंद ते ठेवतं. तिने ती उघडली आणि मनातल्या मनात वाचली.

"वाच की," मालकीणबाई म्हणाल्या.

"साडेबारा वाजून दोन सेकंद." तिने बोट खालच्या ओळीवर नेलं. "टेबल नंबर बारा."

टेबल नंबर बारा म्हणजे मालकीणबाई.

त्यांनी भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे बोट केलं. म्हणाल्या, "माझ्या बापाचा नियम आहे. मी तो मोडणार नाही, आणि यांनाही मोडू देणार नाही. साडेपाचला पुन्हा घंटा होईल. आम्ही सगळे बंद करणार. तुझं मशीन टिकलं तर टिकलं."

त्या जेवायला गेल्या. भिंगरी माझ्याकडे आली. गिरकी नाही, काही नाही. "मामा, किल्ल्या काढून घेतल्या तर प्रोग्राम चालत नाही. ठेवल्या तर साडेपाचला सगळे मिळून मशीनचा गळा दाबणार."

मला मशीनमधलं कळत नाही. स्टोअरमधलं कळतं. मी म्हटलं, "चौतीस वर्षांत स्टोअरकीपरने मला स्टोअरची किल्ली दिली नाही. विचारायचा, तुला रोज लागतं काय? मी म्हटलं, दोरी आणि गोणपाट. त्याने मला तेवढा खण दिला. तुझ्या त्या प्रोग्रामला रोज काय लागतं ते विचारलंस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डबा तसाच टाकून कोठडीत गेली.

तीन तास. प्रोग्राम कुठे कुठे हात घालतो ते ती एकेक करून बघत बसली. हजारभर ओळी. चहा गार झाला, दुसरा आणला, तोही गार झाला. चारला कोठडीतून आरोळी आली, "एक खण!" दार उघडून बाहेर आली. "मामा, त्याला मापांचे नंबर लिहायला एकच खण लागतो! एका खणासाठी मी अख्ख्या इमारतीच्या किल्ल्या वाटल्या!"

तेवढा खण बाराही जणांना उघडून दिला आणि मास्टर किल्ल्या गोळा केल्या. आता कोणाच्याच पडद्यावर मशीन बंद करायचं बटण उरलं नाही. पण घंटेला हात जाणार, तो रिकामा परत आला तर माणूस बेचैन होतो. म्हणून तिने प्रत्येकाच्या पडद्यावर एक लाल बटण ठेवलं. ते दाबलं की आपली खिडकी बंद. इमारत जागच्या जागी.

मालकीणबाई म्हणाल्या, "माझी किल्ली राहू दे. मी मालकीण आहे."

"म्हणूनच काढली, बाई. तुम्ही सगळ्यांत आधी दाबता."

कोणीतरी खुर्चीखाली तोंड घालून हसलं. मालकीणबाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

साडेपाच. घंटा. मापकाका सोडून अकरा हात. ऑफिसातले अकराही पडदे काळे झाले.

कोठडीतली घरघर चालूच होती. फोन वाजला. मालकीणबाईंनी स्वतः उचलला.

"माझी खोली आहे!" मापकाका ओरडले. त्यांच्याकडे घंटा नव्हती, ते अजून कामच करत होते. "आहे, आहे, टेबलपण आहे!"

ऑफिसात जो गलका झाला तो खाली रंगाच्या विभागात ऐकू गेला. भिंगरीने चार गिरक्या घेतल्या, चौथीत फायलींच्या कपाटावर आदळली, आणि वरचा बिजागऱ्यांचा खोका सगळ्यांच्या अंगावर. माझ्या कॉलरमध्ये दोन गेल्या. मालकीणबाईंनी कंपनीच्या कागदाची घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

"कायम," म्हणाल्या. एवढंच.

पाच महिने भिंगरीने पगारातून साठवलं. मग आमच्याच कारखान्यात भरीव लाकडाचं एक दार सांगितलं. मालकीणबाई सवलत देत होत्या, तिने घेतली नाही. मी असतो तर घेतली असती. पडद्याच्या जागी भिंत उभी राहिली. माप मापकाकांनी येऊन घेतलं, तिथेच बसून लॅपटॉपवरून आपल्या खोलीत लिहिलं. आत्यांनी बाहेरच्या खोलीतली खिडकीजवळची खाट आधीच पटकावली होती.

दार चाळीस किलो. घर तिसऱ्या मजल्यावर, पायऱ्या अठ्ठेचाळीस. दोनदा थांबलो. बिजागऱ्या तीन, स्क्रू बारा, कडी आतून. भिंगरी आत गेली. दार लागलं, कडी बसली. बाहेर आत्या डुलकीत म्हणाल्या, "अजिबात देणार नाही!" आणि आतून गिरक्यांचा आवाज आला. मी पाच मोजल्या.